डिलिरियम म्हणजे वेड नव्हे, नांगराचं तास सुटणं

प्रश्न असा आलाय की आजोबांच्या हॉस्पिटलच्या कागदावर 'डिलिरियम' लिहिलंय, हा लॅटिन शब्द आहे म्हणतात, तर याचा अर्थ वेड लागलं असा घ्यायचा का?

नाही, तसा अजिबात घेऊ नका. शब्द लॅटिनच आहे पण तो आलाय थेट शेतातून. नांगराने जमिनीत जी सरळ चरी पडते तिला आपण तास म्हणतो. लॅटिनमधे 'लिरा' म्हणजे नांगरटीतला अशा दोन तासांमधला वरंबा, आणि तासालाही तेच म्हणायचे. 'दे' म्हणजे पासून दूर. म्हणून 'देलिरारे' म्हणजे तास सोडून जाणं, आणि त्यावरून भलतंसलतं बोलणं, डोकं ठिकाणावर नसणं. (इटलीचं जुनं चलन लिरा याच्याशी याचा काही संबंध नाही, ते 'लिब्रा' म्हणजे तराजू, वजन यावरून आलंय.)

ज्यांनी बैलांचा नांगर बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. लहानपणी आमच्याकडे काका नांगर धरायचे, बांधाजवळ आलं की एक बैल हिरव्या गवताकडे ओढायचा, काकांचा हात रुमण्यावर घट्ट असला तरी फाळ तिरपा जायचा आणि मागे बघितलं की तास वाकलेलं, मधे न नांगरलेली पट्टी तशीच राहिलेली. बैल चालतायत, फाळ माती कापतोय, काहीच थांबलेलं नाही, फक्त तास सुटलंय. डिलिरियम झालेला माणूस अगदी असाच असतो, बोलतो, उठायला बघतो, हाताने हवेत काहीतरी धरतो, पण लक्ष एका जागी टिकत नाही, संध्याकाळी जास्त आणि सकाळी जरा बरं असंही होतं.

या 'लिरा'चं मूळ जिथे जातं तिथूनच इंग्रजीतला 'लर्न' आणि जर्मनमधला रुळासाठीचा 'ग्लाइस' हे शब्द आलेत, म्हणजे शिकणं हे मागावर चालणं आणि डिलिरियम म्हणजे माग सुटणं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ तेच डोक्यात घोळत होतं.

आणि मराठीत तरी वेगळं काय आहे? 'चळणं' म्हणजे जागा सोडणं, त्यावरूनच डोकं चळलं म्हणतो. 'भ्रम'मधे फिरणं आहे, भ्रमणातलंच. आमची आजी तापात कुणी बडबडायला लागलं की 'वात झालाय, वातात बरळतोय' म्हणायची, वेडा झाला असं कधीच म्हणायची नाही, आणि माझ्या मते डिलिरियमला सगळ्यात जवळचा घरातला शब्द तोच आहे.

दुसरा लॅटिन शब्द 'डिमेन्शिया', त्यात 'मेन्स' म्हणजे मन, तेच दूर जाणं. त्याला आपण स्मृतिभ्रंश म्हणतो, भ्रंश म्हणजे ढळणं, घसरणं, आणि ते हळूहळू, वर्षानुवर्षं होतं. डिलिरियम काही तासांत (घड्याळाच्या) किंवा एकदोन दिवसांत येतो आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलंच काहीतरी असतं, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, ऑपरेशन, एखादं औषध. ते कारण सापडून त्यावर उपचार झाले की बरेच जण परत तासावर येतात, म्हाताऱ्या माणसाला थोडे जास्त दिवस लागू शकतात.

तेव्हा घरच्यांना 'आजोबांना वेड लागलंय' असं सांगू नका, भ्रम झालाय म्हणा नाहीतर वात झालाय म्हणा. त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन जवळ ठेवा, आणि आज वार कोणता, आपण कुठे आहोत, शेजारी कोण बसलंय हे त्यांना शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत रहा.