'कॉल अ स्पेड अ स्पेड' म्हणजे काय आणि हे आलं कुठून?

आडपडदा न ठेवता, जे आहे ते तसंच रोखठोक बोलणं, हा याचा अर्थ. इथला 'स्पेड' म्हणजे मातीत चालवायचं फावडं. पत्त्यांतल्या इस्पिकाशी मुळात संबंध नाही. गंमत म्हणजे मूळ ग्रीक म्हणीत फावडंही नव्हतं! प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने दिलेला किस्सा असा: ऑलिंथस हे आपलं ग्रीक शहर फितुरीने मॅसेडोनियाचा राजा फिलिप याच्या हाती देणाऱ्या लॅस्थेनीसची माणसं फिलिपकडेच कुरकुरली, की तुमचे लोक आम्हाला गद्दार म्हणतात. फिलिप म्हणाला, आमचे मॅसेडोनियन पडले गावठी, ते 'स्काफे'ला 'स्काफे'च म्हणणार. स्काफे म्हणजे कोरून पोकळ केलेली वस्तू, म्हणजे टब, होडी किंवा कणीक मळायची काठवट. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने हे लॅटिनमध्ये आणताना त्याची कुदळ केली, बहुधा खणण्याच्या अवजाराला ग्रीकमध्ये जवळपास तसाच शब्द असल्यामुळे. 1542 मध्ये इंग्रज लेखक निकोलस उडालने इरॅस्मसच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर करताना 'स्पेड' लिहिलं आणि तेच रुळलं.

मात्र अमेरिकेत जपून वापरा. विसाव्या शतकात तिथे इस्पिकाच्या काळ्या रंगावरून 'स्पेड' ही कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाली. म्हण त्याहून कितीतरी जुनी, पण ऐकणाऱ्याला ते टोचू शकतं.