खग्रासातला काळा चंद्र

प्रश्न : ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण इंदूरला रामबागेतल्या गच्चीवरून टिपलं. सुरुवातीचे फोटो सुरेख आले, पण ऐन खग्रासात चंद्र काळाच! कॅमेरा बिघडला का?

उत्तर : नाही हो ताई. सेटिंग पौर्णिमेच्या चंद्राचंच राहिलं असणार. खग्रासात चंद्र हजारो पटींनी मंदावतो. पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला तांबूस उजेड तेवढा त्याच्यावर पडतो. एरवी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० ला शटर १/२५० सेकंद उघडं राहिलं तरी पुरतं, तिथे १६०० ला अर्धा-एक सेकंद लागतो. त्याहून लांबवू नका, चंद्र सरकतो. ट्रायपॉड हवाच, आणि बटण बोटाने न दाबता टायमर लावा. माझी त्या रात्रीची पहिली दहा छायाचित्रं बोटाच्या धक्क्यानेच गेली, अजून हळहळ वाटते. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पुन्हा खग्रास आहे. तोवर दर पौर्णिमेला फोकसचा सराव करा.