इंटेलने इतरांसाठी चिप बनवून देणारी ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी विकत घेतली असती, तर इंटेलची प्रोसेसरांतील प्रतिस्पर्धी एएमडी हिची कोंडी झाली असती का?

अडचण झाली असती, कोंडी नव्हे. जुलै 2021 मध्ये सुमारे 30 अब्ज डॉलरच्या या संभाव्य सौद्याची बातमी आली, तेव्हा एएमडीच्या रायझन व एपिक प्रोसेसरांतील प्रत्यक्ष गणन करणाऱ्या 7 नॅनोमीटर या अतिसूक्ष्म तंत्राच्या चिप तैवानच्या टीएसएमसी या चिपनिर्मात्या कंपनीकडे बनत होत्या, कारण ग्लोबलफाउंड्रीजने 2018 मध्येच त्या शर्यतीतून अंग काढून घेतले होते. तिच्याकडे उरली होती ती मेमरीशी संपर्क सांभाळणारी, जुन्या तंत्राची चिप. तिच्यावाचून त्यांतले बरेच प्रोसेसर अपुरेच राहिले असते. परंतु तिच्यासाठी 2024 पर्यंतचा पुरवठा करार होता आणि केवळ मालक बदलल्याने असे करार सहसा मोडत नाहीत. गंमत म्हणजे ग्लोबलफाउंड्रीज 2009 मध्ये एएमडीच्याच कारखान्यांतून उभी राहिली होती. सौदा अखेर झालाच नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये ग्लोबलफाउंड्रीजचे समभाग नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आले.