ब्रेक्झिटच्या बाजूने मत दिलेल्यांना नंतर खरोखर पश्चात्ताप झाला का?

काहींना झाला, परंतु निकालानंतरच्या आठवड्यात वृत्तपत्रांनी रंगवला तितक्या लोकांना नव्हे. 23 जून 2016 च्या सार्वमतात ब्रिटनच्या 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, म्हणजेच ब्रेक्झिटचा, कौल दिला. दुसऱ्या दिवशी पौंड 1985 नंतरच्या नीचांकावर घसरला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पायउतार होण्याची घोषणा केली, तेव्हा आपले मत केवळ निषेधापुरतेच राहील असे समजून बसलेले काही मतदार हबकले. संघाला दर आठवड्याला जाणारे 35 कोटी पौंड आरोग्यसेवेला द्यावेत, असे प्रचाराच्या लाल बसवर ठळक अक्षरांत लिहिले होते. निकालाच्या सकाळीच ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक नेते नायजेल फराज यांनी दूरचित्रवाणीवर ते आश्वासन ही चूक असल्याचे सांगून हात झटकले, हे अनेकांच्या जिव्हारी लागले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची गंमत वेगळीच: तेथे बहुमत बाहेर पडण्याच्या बाजूने होते, आणि निकाल लागताच तेथील स्थानिक परिषदेने संघाकडून मिळणाऱ्या निधीइतकी रक्कम सरकारने द्यावी, अशी हमी मागितली.

दुसऱ्या सार्वमताच्या मागणीवरील 40 लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मात्र पश्चात्तापाचा पुरावा मानता येत नाहीत, कारण त्यांतील बहुतांश हरलेल्या बाजूच्या असाव्यात. शिवाय ती याचिका मतदानापूर्वीच, तीही ब्रेक्झिटच्या एका समर्थकाने, आपली बाजू हरेल या भीतीने दाखल केली होती. जनमत चाचण्यांचा कल ठळकपणे उलटला तो पुढे काही वर्षांनी, आणि त्यात नव्याने मतदार झालेल्या तरुणांचाही मोठा वाटा होता.