पाणी कुठे जातंय?

प्रिय मुली,

आर्किटेक्चरच्या ज्युरीतून, परीक्षकांसमोरून बाहेर पडताना तुझा चेहरा बघितला. इथिओपियातल्या आदिस अबाबामधली भारतीय वकिलात हा तुझा थिसिस. एक परीक्षक म्हणाला, भारतीय वाटत नाही. दुसरा म्हणाला, तिथली वाटत नाही. आणि तू एका रात्रीत दर्शनी भिंतीवर कमळं अन् तोरण चिकटवून मोकळी! ती आधी काढ, मग बोलू.

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे तुझ्या एकाही शीटवर नाही. आदिसलाही पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरच, पण मुंबईच्या जेमतेम निम्मा. शहर २३०० मीटरच्या वर, रात्री गार. आणि तू गिरगावातल्या चाळीसारखी आरपार हवा खेळवलीस. रात्रीचा पहारेकरी कुडकुडेल गं! तिथे दिवसाचं ऊन धरून ठेवणारी जाड भिंत हवी.

त्याच शहरात २००५ची डच वकिलात आहे. निलगिरीच्या झाडीत, तिथल्या मातीसारखं तांबडं काँक्रीट, लांबलचक, जमिनीला धरून. छपरावर पावसाचं उथळ पाणी साठतं. पाण्याच्या देशाची, हॉलंडची आठवण तेवढीच. पवनचक्की नाही, ट्यूलिप नाही. २००७ला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, ते सोड. त्या छपराचा सेक्शन, उभा छेद, हाताने काढून बघ. दिल्लीत एडवर्ड स्टोन या अमेरिकन आर्किटेक्टने अमेरिकन वकिलातीच्या काचेपुढे जाळी उभी केली. तिच्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ, पण ती निदान ऊन अडवते. तुझं तोरण काय अडवतं?

मी तरी कोण सांगणारा? १९९६ साली अंधेरीत एका ऑफिसचे छज्जे मीच छाटले. क्लायंटला सपाट काच हवी होती. पहिल्याच जुलैत झड आत आली. तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगत पोपडे, खाली निळी बादली. घरावर कर्ज होतं, नाही म्हणता आलं नसतं. आलं असतं, खरं तर. पुढे तीन क्लायंटना सांगितलं, छज्जा नाही तर मी नाही. तिघेही गेले. हेकट म्हणतात मला. म्हणू देत.

तुझ्या टिपणात ‘ओळख’ अकरा वेळा आहे, ‘पन्हळ’ एकदाही नाही. वाड्याच्या चौकात चारी बाजूंनी पागोळ्या गळतात ना, तिथून सुरुवात कर. पाणी कुठे जातंय ते काढ.

शनिवारी ये. लॅपटॉप नको, छत्री आण. अंधेरीला जाऊ, ती भिंत दाखवतो.