भाडं येईल हो, पण हप्ता?

प्रश्न : वय ३६, चिंचवडला राहतो. पगार हातात १ लाख २० हजार, राहत्या घराचा हप्ता २४ हजार. २० लाख साठवलेत. ताथवड्यात ६० लाखांचा रीसेल टू-बीएचके बघितलाय, तिथे भाडं २० हजार येतं. एजंट म्हणतो, ‘साहेब, भाड्यातच हप्ता सुटेल.’ घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : कुठला हप्ता सुटेल, ते एजंटला विचाराच. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ४८ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता बसतो ४१,६५६ रुपये. त्यातले पहिल्या महिन्याचे ३४ हजार नुसतं व्याज. भाड्यातून मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस गेले (म्हणजे घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते; हे चार्जेस सोसायटीला सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर लावता येत नाहीत, लावले तर भांडा), की उरतात सतराएक हजार. बाकीचे साडेचोवीस हजार दरमहा तुमचेच.

साठवलेल्या २० लाखांतले १२ लाख पदरचे गेले. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. मग दलाली, पंखे, गिझर, रंग. खात्यात दीड-दोन लाख राहिले तर नशीब. टॅक्स वाचेल म्हणाल, तर नव्या कररचनेत व्याज भाड्यातून वजा होतं, पण वरचा तोटा पगारातून वळता होत नाही. जुन्या रचनेत होतो, तोही वर्षाला २ लाखांपर्यंतच.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर २२ वर्षं काढली, तरी पहिला भाडेकरू ठेवताना माती खाल्लीच. ‘ताई, सोमवारी थंब देतो’ म्हणाला, म्हणून करार नोंदवायच्या आधीच किल्ली दिली. तो सोमवार काही उजाडला नाही. सहा महिन्यांनी गडी म्हणतो, भाडं १४ नाही, ११ हजार ठरलं होतं! आपल्याकडे करार लेखी करून नोंदवणं घरमालकाच्या अंगावर आहे. नोंदला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, खोटं आपण पाडायचं. मी गुपचूप डिपॉझिट परत केलं. तो गेल्यावर बघते, तर सिंकखालचं प्लायवूड पाण्याने पावासारखं फुगलेलं. पुढे चार महिने फ्लॅट रिकामा, आणि हप्ता दर ५ तारखेला बिनबोभाट कापला जातोय.

असे चार महिने तुमच्यावर आले तर? दोन्ही हप्ते मिळून ६५ हजारांच्या वर जातात. बँक ओढूनताणून कर्ज देईलही, पण मी तुमच्या जागी हा फ्लॅट घेणार नाही. चिंचवडमध्येच जुन्या सोसायटीतला वन-बीएचके बघा. ३८ लाखांत मिळाला आणि २४ लाखांचं कर्ज काढलं, तर हप्ता २१ हजारांच्या आत राहतो, आणि घर रिकामं पडलं तरी पगारातून ओढता येतो. शिवाय नळ गळला तर स्कूटरवरून दहा मिनिटांत पोचता. ताथवड्याला शनिवार मोडेल.

आणि काहीही घ्या, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) हातात घेऊन वाचल्याशिवाय टोकन देऊ नका. ‘ओसी पुढच्या महिन्यात येतेय’ म्हणाले, तर तुम्हीही पुढच्याच महिन्यात जा.