बेसबॉलच्या सिम्युलेशन गेममध्ये (संगणकावर सामने खेळवणाऱ्या) न्यूयॉर्क यांकीज या संघाचा १९२७ चा आणि १९९८ चा चमू भिडवायचा, तर तुलना न्याय्य कशी होईल?

कच्चे आकडे जसेच्या तसे भरलेत की घोळ झालाच म्हणून समजा. आधी प्रत्येक खेळाडू त्याच वर्षीच्या, त्याच लीगच्या सरासरीपेक्षा किती वर होता ते काढा. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची (अमेरिकन लीगसोबत मेजर लीगचा एक भाग) बॅटिंग सरासरी .३०३ होती, म्हणजे दर हजार अधिकृत प्रयत्नांत ३०३ हिट. उलट १९६८ मध्ये कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ वर अमेरिकन लीगमध्ये पहिला आला! पिचर (चेंडू फेकणारे) इतके डोईजड झाले होते की १९६९ ला ते उभे राहतात त्या उंचवट्याची, म्हणजे माउंडची उंची १५ इंचांवरून १० वर आणली.

मग दोन्ही संघ एकाच वर्षाच्या मापात खेळवा. आऊट ऑफ द पार्क बेसबॉल या गेममध्ये लीग टोटल्स (लीगचे एकूण आकडे) कुठल्या वर्षाचे हवेत ते ठरवता येतं. डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) ठेवायचा की नाही, हेही आधीच ठरवा. १९२७ मध्ये तो नव्हताच. आणि सात सामन्यांच्या एका सिरीजवर जाऊ नका, निदान हजार सिरीज चालवा.

खरी गोम पुढेच आहे. यांकीजच्या बेब रूथचे १९२७ मधले ६० होमरन (षटकारासारखे फटके) लीगमधल्या इतर सातही संघांपैकी कुणालाच जमले नाहीत. पण १९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती. म्हणजे रूथसमोर सगळे उत्तम खेळाडू नव्हतेच, आणि सरासरीशी तुलना केली की हा फरक झाकला जातो आणि रूथ आहे त्याहून अचाट दिसतो. मी तरी जुन्या संघाला थोडी कात्री लावतो. किती, हा शेवटी अंदाजच.